घशाखाली न गेलेला घोट

ग्लास समोर येऊन बराच वेळ झाला, पण मी अजून त्याला हात लावलेला नाही. वाढणारी केनियन मुलगी दोनदा येऊन विचारून गेली, "एव्हरीथिंग ओके, मॅम?" मी मान हलवली. ओके कुठलं! शनिवारची दुपार आहे, बाहेर दुबईच्या खाडीवर ऊन मी म्हणतंय, आत एसीने बोटं गारठली आहेत आणि माझ्यापुढे कोकम सरबताच्या रंगाची वाइन ठेवलेली आहे. तिचं नाव चेरासुओलो. इटलीत आब्रुझ्झो नावाचा प्रांत आहे, तिथल्या एका घराण्याच्या वायनरीतली. हीच वाइन माझ्या बाबांनी याच हॉटेलात वर्षानुवर्षं लोकांना ओतून दिली, हुंगली, तोंडात घोळवली आणि थुंकली. गिळली फक्त एकदा. त्या एका घोटाने त्यांना शेवटपर्यंत सोडलं नाही. बाबांना जाऊन आता वर्ष होत आलं आणि तो घोट प्यायला मी अल बर्शाहून इथवर आले आहे.

हॉटेल ओळखू येत नाही. बाटल्यांचं लाकडी कपाट काढून तिथे आरसा लावलाय. दारातच कसलं तरी महागडं ऊदाचं अत्तर फवारणारं यंत्र ठेवलंय, त्यामुळे टोमॅटो, लसूण, मासे सगळ्यांना एकच वास येतो. बाबांनी हे पाहिलं असतं तर मॅनेजरची काही खैर नव्हती. वाइनच्या खोलीत अत्तर म्हणजे त्यांच्या लेखी देवळात चपला.

आमच्या घरी या बाबतीत सोवळं होतं. शारजात, अल नहदाच्या त्या उंच इमारतीत, आमच्या फ्लॅटमध्ये वासाचा साबण यायचा नाही. पावडर नाही, केसांना वासाचं तेल नाही. आई उदबत्ती लावायची ती बाबा संध्याकाळच्या ड्युटीवर गेल्यानंतर. शाळेतल्या मैत्रिणी हातांना स्ट्रॉबेरीचं क्रीम लावून यायच्या, आणि मी बिनवासाची. "नाकार पोट चालता आपला," आई म्हणायची, "तुझ्या बापाचा नाक म्हणजे आपली शेती." मला तेव्हा ते गमतीचं वाटायचं. आईला गंमत करायची नव्हती हे फार उशिरा कळलं.

बाबांची ब्रेक ड्युटी असे. दुपारचं जेवण आटपलं की हॉटेल बंद, मग थेट संध्याकाळी उघडायचं. मधले काही तास आमचे. माझी स्कूलबस दुबईतल्या ऊद मेथाहून रखडत यायची आणि बऱ्याचदा बाबा आणि मी एकाच लिफ्टने वर जायचो. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला मी नाक लावायचे. शारजात दारूचा थेंबही चालत नाही, त्यामुळे वाइन आमच्या घरी आली ती एवढीच, बाहीला लागलेली. लोकांची बालपणं सकाळची नाहीतर संध्याकाळची असतात. माझं सगळं बालपण दुपारचं आहे.

जेवण झालं की खेळ. बाबा स्वतःचा काळा टाय माझ्या डोळ्यांवर बांधायचे आणि पुढे स्टीलच्या वाट्या मांडायचे. आमसूल. तिरफळ. ओवा. भाजलेलं सुकं खोबरं. आखाती बाजारात मिळतं ते वाळवलेलं काळं लिंबू, लूमी. कुंडीतली ओली माती. कधी भिजवलेल्या पुठ्ठ्याचा तुकडा, कारण बाटलीचं बूच बिघडलं की वाइनला तोच वास येतो. "काय गो बाय, काय येता?" मी चाचपडायचे, ते घाई करू द्यायचे नाहीत. "नीट हुंग. नाव मागसून येता, पयलो वास येवंदे." चुकलं तर वाटी पुन्हा नाकाखाली. बरोबर आलं तर दोन बोटांनी माझ्या टाळूवर टकटक करायचे आणि म्हणायचे, "ब्राव्हा, बाय!" त्या दोन बोटांसाठी मी काहीही हुंगायला तयार होते. पट्टीखालून बघायचे तेही बाबांच्या लक्षात यायचं, आणि मग मीच उलट ओरडायचे, "बाबा, डोन्ट चीट!"

वाइन थुंकणं हा या धंद्यातला रीतसर भाग आहे. दिवसभर चाखायची तर गिळून कसं चालेल? बाटली उघडली की चमचाभर तोंडात घ्यायची, घोळवायची, जवळच्या स्टीलच्या बादलीत टाकायची. पण बाकीचे सगळे कधीतरी, सणावाराला, सायबाच्या आग्रहाने एखादा ग्लास पीत. बाबा कधीच नाही. इटालियन मॅनेजरला वाटायचं, काय हा माणूस, किती प्रोफेशनल! त्याला बिचाऱ्याला आमच्या ग्रामदेवाची काय कल्पना असणार.

वेंगुर्ल्याकडच्या आमच्या गावात देवाला विचारल्याशिवाय कुणी विहीरसुद्धा खणत नाही. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणतात. साध्या वेटरचे वाइन वाढणारे व्हायची संधी आली तेव्हा बाबा सुट्टीत गावी जाऊन देवापुढे उभे राहिले. घरात कुणी दारूला शिवलेलं नव्हतं. गावकऱ्याने गाऱ्हाणं घातलं, ते बाबा मला पुढ्यातला भात कालवता कालवता त्याच आवाजात म्हणून दाखवायचे: "बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू पोटासाठी परमुलखात दारवेचो धंदो करूक जाता हा. तोंडात घेवची पाळी इली तरी घशाखाली जावची नाय, असो शब्द तुझ्या पायाशी ठेवता हा म्हाराजा!" आणि आई आणि मी जेवणाच्या टेबलावरून ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" उजवी पाकळी पडली होती म्हणे, अगदी टपकन.

त्यामुळे बाबांना प्रत्येक वाइनचं सगळं ठाऊक होतं, पण घशापर्यंतच. पुढचं ठाऊक नव्हतं. वाइन गिळल्यावर मागून जी चव रेंगाळते तिला ते वाइनीचा शेवट म्हणायचे, आणि तो त्यांना लोकांकडून ऐकावा लागायचा. ते गिऱ्हाइकाला अदबीने विचारायचे, "हाउ इज द फिनिश, सर?" सगळ्यांना ती रीत वाटायची. बाबांना खरोखर जाणून घ्यायचं असायचं. घरी येऊन सांगायचे, आज एक जण संत्र्याची साल म्हणाला. एक बाई म्हणाली, चेरीची बी फुटल्यासारखं. एक म्हातारा काही बोललाच नाही, नुसते डोळे मिटून बसला. "त्येका काय लागला आसात गो?" बाबा पंख्याकडे बघत विचारायचे. स्वतः ओतलेल्या वाइनचा शेवट हा माणूस दुसऱ्यांच्या तोंडावर वाचत होता.

आखातात तेव्हा शुक्रवार सुट्टीचा. बाबांची ड्युटी त्या दिवशी फक्त संध्याकाळची, म्हणून दुपारी आमच्या घरी इटालियन हॉटेल भरायचं. टवके उडालेले वाइनचे ग्लास हॉटेलवाले टाकून देत, ते बाबा घरी आणायचे. खांद्यावर पंचा टाकून ते आईच्या ग्लासात कोकम सरबत ओतायचे, मनगट असं वळवून की थेंब टेबलावर पडायचा नाही. "चेरासुओलो द'आब्रुझ्झो, मॅडम. विथ युवर बांगडा."

"पुरे झाली तुमची नाटकां," आई पदराने तोंड पुसत म्हणायची, "कडी थंड जातली."

पण तीही ऐकायची. तिसऱ्यांच्या सुक्याला ते पेकोरिनो लावायचे, डोंगरातली आंबटसर पांढरी वाइन. शिंपल्यांचा खारटपणा तिच्यापुढे उठून दिसतो म्हणायचे. मटण असलं की मोन्तेपुल्चानो, काळपट लाल, तोंड ओढून घेणारी. आब्रुझ्झोत मेंढीच्या मटणाचे बोटभर तुकडे काडीला लावून निखाऱ्यावर भाजतात, वर फक्त मीठ, आणि माणसं ती काडी दातांनी ओढून रिकामी करतात, हे ते करून दाखवायचे. आणि माशांच्या कढीला चेरासुओलोच. तिथले कोळीसुद्धा मिळेल ते मासे टोमॅटोच्या रश्श्यात टाकून कढी करतात, तिच्यासोबत हीच पितात. सगळ्या वाइन्सच्या जागी आमच्या ग्लासांत सरबत नाहीतर पाणी. मला तरी फरक कळायचा. शपथेवर सांगते, कळायचा.

वायनरीची मालकीण दर थंडीत दुबईला यायची. बाबा तिला सिन्योरा म्हणायचे, म्हणून आम्हीही. ती माझ्यासाठी तिच्याकडचे साखरेत घोळवलेले बदाम पाठवायची, पांढरे शुभ्र, पातळ जाळीच्या पिशवीत बांधलेले. त्यांत एखादा बदाम हमखास कडू निघायचा. मी थू करून टाकायचे आणि बाबा खूश होऊन म्हणायचे, "बापाचा शिकलस."

एका वर्षी हॉटेलने बाबांना वायनरी बघायला पाठवलं. परत आल्यावर बाबा कितीतरी दुपारी तेच सांगत होते. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र आणि मध्ये चिंचोळी पट्टी, अगदी आपलं कोकण. द्राक्षाचे वेल डोक्यावर मांडवासारखे चढवलेले, आमच्या परसात पडवळ चढवतात तसे. खालून चालताना ऊन ठिपक्याठिपक्यांनी अंगावर पडतं. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात. तळघरात शिरलं की ओल्या दगडाचा आणि आंबलेल्या फळाचा वास, आपल्याकडे कोकमासाठी रातांबे फोडून ठेवतात त्या पडवीसारखा. तळघरापर्यंत आलं की बाबांची गोष्ट अडायची. मी विचारलं, "मग तिथे काय प्यायला दिलं?" ते हात धुवायला उठले. तेव्हा ते मला साधंच वाटलं.

मग ती साथ आली. मॉल बंद, शाळा बंद, हॉटेल बंद, बाबा पहिल्यांदाच दिवसभर घरात. आम्ही तिघंही तापलो आणि बरे झालो. एका दुपारी आईने बांगड्याची कढी केली. तिरफळाचा वास थेट लिफ्टपर्यंत गेला असेल. बाबांनी भात कालवला, दोन घास खाल्ले आणि सहज विचारलं, "आज तिरफळां नाय घातलस?"

आईने माझ्याकडे बघितलं. तो क्षण मला अजून जसाच्या तसा दिसतो: तिच्या हातात डाव, आणि कढीवर तरंगणारी चार तिरफळं.

माझं नाक परत आलं. आईचं आलं. बाबांचं येईल म्हणून आम्ही थांबलो. मी पुन्हा खेळ मांडला, या वेळी टाय त्यांच्या डोळ्यांवर. त्यांनी वाटी उचलली, कानाशी नेऊन हलवली आणि म्हणाले, "ओवो." दुसरी हलवली, "तिरफळां." आवाजावरून ओळखत होते. मी पुढची वाटी दिली, तीत भिजवलेला पुठ्ठा होता. ती वाजेना. त्यांनी नाक अगदी आत घातलं, वाटी गरागरा फिरवली, खूप वेळ थांबले. मग स्वतःच टाय सोडला आणि त्याची नीट घडी घातली. मला रडू आवरेना, म्हणून मी वाट्या घासायला नेल्या.

त्या दिवशी त्यांनी तळघराची गोष्ट पुरी केली. सिन्योराचे वडील, पार वाकलेले, कानाने कमी ऐकणारे, त्यांनी टाकीची तोटी सोडून स्वतः चेरासुओलोचा ग्लास भरला आणि बाबांच्या हातात दिला. जवळ बादली नव्हती. म्हातारा त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता. "त्येच्या मळ्यात, त्येच्या तोंडासमोर थुंकूचा कसा गो?" बाबा म्हणाले. "गिळलय." म्हाताऱ्याने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून गालांचे मुके घेतले होते.

"देवान नाक काढून घेतल्यान, बाय. शब्द मोडलय मी."

"बाबा, अख्ख्या जगाचा वास गेला होता. इट्स अ व्हायरस!"

"जगाचो परत इलो," ते म्हणाले. "माझो नाय इलो."

मी शिकलेली, नोकरी करणारी, मला सगळी कारणं पाठ होती. त्यांतलं एकही त्या हॉलमध्ये उभं राहिलं नाही. विमानं बंद होती म्हणून गावच्या काकाने व्हिडिओ कॉलवर गाऱ्हाणं घातलं, माफी मागितली, पाकळ्या लावल्या. इकडे आम्ही तिघं मोबाइलला नाक लावून बसलो. पाकळी हलेना. उजवी नाही, डावी नाही. गुरव म्हणाला, थांबा. आम्ही थांबलो. मग रेंज गेली. दुसऱ्या दिवशी काका म्हणाला, पाकळ्या निर्माल्यात गेल्या, कुठली कुठे पडली ते कुणी बघितलं नाही. मला त्या देवाचा राग आहे. आजही आहे. नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचं, माणसाला असं टांगून का ठेवायचं?

हॉटेल उघडलं तसे बाबा कामावर गेले आणि कुणाला काही बोलले नाहीत. रंग बघून, बूच दाबून, लोकांचे चेहरे वाचून निभावत होते. चेहरे वाचायची सवय जुनीच होती. मग सिन्योरा आली. तिच्यासाठी त्यांनी तिचीच चेरासुओलो उघडली, चाखल्याचं नाटक केलं आणि ओतली. ती बाटली बिघडलेली होती, भिजल्या पुठ्ठ्याच्या वासाची. सिन्योराने ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. बाबांकडे बघितलं. सगळं समजली. तिने बाटली स्वतःच्या हाताने उचलून टेबलाखाली ठेवली, कुणाला दिसू नये म्हणून. त्या दुपारी बाबा बूट न काढता हॉलमध्ये बसून राहिले आणि आई त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडत होती.

"खलास," ते म्हणाले. "चल, घराक जावया."

ते दोघं गावी गेले, मी अल बर्शात खोली घेऊन राहिले. मी सुट्टीत गेले की बाबा पडवीत बसलेले असायचे. आजूबाजूला जगातले सगळे वास. रातांबे, सारवण, सुकत घातलेले मासे, पेटलेली चूल. त्या वासांच्या मधोमध ते कोरडे बसून असायचे. आई अजूनही त्यांच्यासमोर उदबत्ती लावत नव्हती. मी तिला म्हटलं, आता कशाला, तर तिने मलाच गप्प केलं.

शेवटच्या खेपेला मी त्यांना पेज भरवत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तो घोट गिळलात, त्याचा शेवट कसा होता?"

"भियान माका काय एक कळूक नाय गो," ते म्हणाले. "गिळलय, आणि देवच डोळ्यांसमोर इलो. चव खंय रवली बघूक?" मग थोड्या वेळाने, लहान मुलासारखं माझं मनगट धरून, "तू पी कधी तरी. तुझ्या नावान कोणी शब्द ठेवूक नाय. आणि माका येवन सांग."

मी म्हटलं, हो बाबा, पुढच्या वेळी. इन्शाल्ला म्हणाले ते, इथली सवय. पुढची वेळ आली नाही.

बाबांचं नाक गेलं, काम गेलं, माणूस आतून गेला, आणि ज्या घोटापायी गेलं असं त्यांना वाटत होतं त्याची चवसुद्धा त्यांना मिळाली नाही. हे मला सहन होत नाही. वर्ष होत आलं तरी होत नाही.

माशांचा रस्सा आला आहे. लाल, वाफाळता, शिंपले उघडे. वाढणारी मुलगी म्हणते, "परफेक्ट पेअरिंग, मॅम." मी ग्लास उचलते. त्यांनी शिकवलं तसा आधी थोडा फिरवते, दारातलं अत्तर डोक्यातून काढून टाकते, डोळे मिटते. नाव मागून येतं, पहिला वास येऊ दे. चेरी. मग आमसूल, खरोखरच आमसूल. ओला दगड. तोंडात घेते, घोळवते, आणि जीभ बाबांच्या सवयीने बादली शोधू लागते. पण मी आज गिऱ्हाईक आहे, माझ्याजवळ बादली नाही. मी गिळते.

आधी काहीच नाही. घशात थोडी ऊब. मग हळूहळू, जिभेच्या पार मागून काहीतरी वर येतं, आणि ते मला लगेच ओळखू येतं. जाळीच्या पिशवीतल्या साखरेच्या बदामांत एखादा निघायचा तो. मी थू करून टाकायचे तो.

"कडू बदाम, बाबा," मी म्हणते. मोठ्याने म्हणते, शेजारच्या टेबलावरचे वळून बघतात.

मी डोळे उघडत नाही. उत्तर बरोबर आहे हे मला माहीत आहे. तरी मी तशीच बसून राहते, मान थोडी खाली घालून, टाळूवर दोन बोटं टकटक करतील म्हणून.